जुन्या पुस्तकांच्या कपाटाला नवा लूक देताय? आधी ते भिंतीपासून सरकवा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

मी आज नागपूरहून बोलतेय, आमच्या घरातूनच. मागे जी घरघर ऐकू येतेय ना, तो कूलर आहे. तो बंद करता येणार नाही, कारण बाहेर मे महिना आहे. आणि तसंही, आजच्या गोष्टीत त्याचा रोल आहे. येईल पुढे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो. घरात पुस्तकांचं जुनं कपाट आहे, नवीन घ्यायला पैसे नाहीत किंवा जुनं टाकवत नाही, तर त्याला रंग द्यावा की ते चिकटवायचं व्हिनाइल, वॉलपेपरसारखी फिल्म, ती लावावी? रील्समध्ये तर तीस सेकंदात होतं. फर्रकन कागद सोलला, चिकटवला, कपाट नवीन.

मीही ती रील बघितली होती. मीही ते केलं. आणि त्यात आमच्या घरातली सतरा पुस्तकं गेली. आज ते सगळं सांगते. आधी काय चुकलं ते, मग नीट कसं करायचं ते. कान देऊन ऐका, कारण यातलं अर्धं मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

हिरवं कपाट

आमच्या हॉलमध्ये एक उघडं कपाट आहे. सहा फूट उंच, चार फूट रुंद, पाच फळ्या. माझ्या आजोबांनी १९८२ मध्ये लकडगंजमधून लाकूड आणून करून घेतलेलं. जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, लकडगंज म्हणजे आमच्याकडचा लाकडाचा बाजार. नावातच लाकूड आहे. पुढे कधीतरी त्या कपाटाला हिरवा ऑइल पेंट लागला. का? कारण त्या वर्षी खिडक्यांना हिरवा लागला आणि अर्धा डबा उरला. प्रत्येक घरात अशी एक तरी वस्तू असते, जिचा रंग उरलेल्या डब्याने ठरवलेला असतो.

त्यातली पुस्तकं बाबांची. बाबा शाळेत शिक्षक होते, आता रिटायर झालेत. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते दीक्षाभूमीवर जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, ती जागा. तिथे त्या दिवसांत लाखो लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात, ओळीने. लोक गावावरून येतात, रांगेत उभे राहतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. राज्य सरकारने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे ते जाडजूड खंड आहेत ना, पहिला खंड १९७९ चा, संपादक वसंत मून, जे आमच्या नागपूरचेच. ते खंड बाबांनी असे एकेक करून जमवलेत.

आणि बाबांची एक सवय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर साल लिहायचं आणि एक ओळ. त्या वर्षी कोणासोबत गेलो, पाऊस होता का, असं काहीही. त्यामुळे ते कपाट आमच्या घराची डायरी पण आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी काय केलं

मागचा मे. माझं वर्क फ्रॉम होम. व्हिडिओ कॉलमध्ये मागे ते हिरवं कपाट दिसायचं आणि मला लाज वाटायची. खोटं कशाला बोलू. बाबा दहा दिवस ताईकडे चंद्रपूरला गेले होते. म्हटलं, सरप्राइज देऊ.

पांढऱ्या संगमरवराच्या डिझाइनची फिल्म मागवली. एकेक फळी रिकामी केली, ओल्या फडक्याने पुसली आणि चिकटवत गेले. फळ्या, बाजू, मागचा प्लाय, सगळं. दोन दिवस लागले. कपाट जागचं हलवलं नाही, कारण जड होतं. फोटो टाकला, खूप लाइक्स आले. बाबा परत आले, बघितलं, म्हणाले, "चांगलं दिसून राहिलं गं." आणि पुस्तकं परत लावायला बसले.

पंधरा दिवसांत कोपरे सुटायला लागले. नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ मध्ये तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडलाय. पण तो सेन्सर बिघडला नसता तरी आम्हाला खरंच वाटलं असतं, अशी इथली परिस्थिती. एवढ्या गरमीत या फिल्मचा गोंद मऊ पडतो आणि लावताना ताणलेलं व्हिनाइल आपल्या मूळ मापाला परत जायला बघतं. कोपरे उचलणारच. मी काय केलं? झटपट चिकटणारा गोंद लावून दाबून टाकले.

जुलैत मागच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी फुगे आले. बोट लावलं तर आत करकर वाजलं. मला वाटलं, धूळ राहिली असेल. पिनेने भोक पाडलं, हवा काढली, दाबून सपाट केलं.

ऑगस्टमध्ये बाबांनी सगळ्यात खालच्या फळीवरून एक पुस्तक ओढलं आणि अर्धंच हातात आलं. बाकी माती.

वाळवी.

सतरा पुस्तकं गेली. काही विकत मिळतात, काही नाही. त्यातल्या एकाचं पहिलं पान गेलं होतं. त्यावर काय लिहिलं होतं ते बाबांनीच मला सांगितलं. "आज लेकीला पहिल्यांदा दीक्षाभूमीवर नेलं. गर्दीत रडली नाही." मी तेव्हा दीड वर्षाची होते. ते पान असं आहे हे मला माहीतच नव्हतं. मी कधी उघडून बघितलंच नव्हतं ते पुस्तक.

बाबा रागावले नाहीत. उरलेली पुस्तकं गच्चीवर नेऊन, पानं झटकून सावलीत उभी करून ठेवत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

चूक फिल्मची होती का?

खरं सांगायचं तर वाळवी फिल्ममुळे आली नाही. ती आली कूलरमुळे. आमचा कूलर खिडकीत बसवलाय आणि कपाट त्या खिडकीच्या बाजूच्या भिंतीला. उन्हाळाभर टाकीतलं पाणी थेंब थेंब भिंतीतून खाली मुरत होतं. जमिनीतल्या वाळवीला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि अंधार. ती भिंतीच्या भेगेतून मातीच्या बारीक नळ्या करत वर येते. आमच्या कपाटाचा मागचा प्लाय ओलसर, भिंतीला चिकटलेला. तिला आमंत्रणच.

पण फिल्मने काय केलं, तर ते लपवलं. हिरव्या रंगावर मातीची रेघ आली असती तर बाबांना एका दिवसात दिसली असती. फिल्मखाली ती तीन महिने वाढली. आणि तो करकर आवाज? ती वाळवीची माती होती. मी सॉफ्टवेअरवाली आहे, मला हे कळायला पाहिजे होतं. एरर येत होती आणि मी ती दिसू नये म्हणून वरून स्टिकर लावत होते. ऑफिसमध्ये कोणी असं केलं तर मी कोड रिव्ह्यूमध्ये त्याला सोडलं नसतं.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही. रंग असो की फिल्म, ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे कपाट पूर्ण रिकामं करणं, भिंतीपासून सरकवणं आणि फोनचा टॉर्च लावून मागची आणि खालची बाजू बघणं.

काय बघायचं? मातीच्या बारीक रेघा, म्हणजे वाळवी. गोल बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. काळपट डाग किंवा कुबट वास, म्हणजे ओल. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज आला, तर तिथे टोक दाबून बघा. आत गेलं तर आधी दुरुस्ती, मग सजावट.

आमच्याकडे आधी कूलरची गळती बंद केली. मग पेस्ट कंट्रोलवाले आले. त्यांनी भिंत आणि फरशीच्या जोडावर भोकं पाडून औषध सोडलं. हे काम प्लीज स्वतः करू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

"ताई, हे सागवान होय"

पाऊस संपल्यावर मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी फळीच्या खालच्या बाजूला पटाशीने इंचभर हिरवा रंग खरवडला. आतून तपकिरी, सोनेरी लाकूड निघालं. नखाने घासलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, हे सागवान होय. सीपी टीक. याले स्टिकर काहून चिपकवलं?"

मी गप्प.

सीपी टीक म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. तो प्रांत कधीच गेला, पण लाकडाच्या बाजारात नाव अजून चालतं. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या आणि चंद्रपूरकडच्या जंगलातलं सागवान. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहच्या डेपोतून गेलं. आणि आमच्या हॉलमध्ये तेच लाकूड, हिरव्या रंगाखाली आणि त्यावर खोट्या संगमरवराखाली.

वाळवीने मागचा प्लाय आणि कागद खाल्ला, पण कपाटाची चौकट जवळजवळ तशीच होती. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि अशी द्रव्यं असतात जी वाळवीला आवडत नाहीत. फक्त बाहेरचं पांढुरकं लाकूड असतं, त्याला हे संरक्षण नसतं. एका फळीची कड अशी पांढरी होती, तेवढीच पोखरली गेली.

म्हणून दुसरी पायरी. कपाट कशाचं आहे ते ओळखा. न दिसणाऱ्या जागी, खालच्या फळीच्या तळाला, थोडं खरवडून बघा. तीन शक्यता असतात.

एक, खरं लाकूड. सागवान, शिसम, आंबा, काहीही. याला फिल्म लावू नका. घासून पॉलिश करा. लाकूड साधं असेल किंवा डाग जाणार नसतील तर रंग द्या.

दोन, प्लाय, वर सनमायका किंवा विनियर. सनमायकाला फिल्म छान बसते, कारण तो गुळगुळीत असतो. रंगही बसतो, पण आधी पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो.

तीन, पार्टिकल बोर्ड. भुसा दाबून केलेला. ऑनलाइन मिळणारी स्वस्त शेल्फं बहुतेक हीच. स्क्रूच्या भोकात डोकावलं की भुसा दिसतो. याचा शत्रू पाणी. एकदा कड फुगली की परत बसत नाही. याला फिल्म चांगली, पण कडा आधी बंद करून.

घासण्याआधी एक मिनिट

आता हा भाग नीट ऐका, हा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मिस्त्रीकाका घासायचं मशीन घेऊन आले. हॉलमध्येच सुरू करणार होते. आमची वहिनी लॅब टेक्निशियन आहे. ती म्हणाली, "थांबा, हा रंग किती जुना आहे?" घरात माझी भाची आहे, दोन वर्षांची. जमिनीवर लोळते, हात तोंडात घालते.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. रंग लवकर वाळावा, चमक आणि रंगछटा टिकावी म्हणून शिशाची संयुगं घालायचे. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, असा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा कुठलाही ऑइल पेंट असेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच चालायचं.

असा रंग भिंतीवर किंवा कपाटावर घट्ट बसलेला असेल तोवर फारसा त्रास नाही. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती श्वासातून जाते, फरशीवर बसते, मुलांच्या हाताला लागते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

मग आम्ही काय केलं? भाची आणि वहिनी चार दिवस वहिनीच्या माहेरी. कपाट गच्चीवर. खाली प्लास्टिकची ताडपत्री. मशीन बंद, वॉटर पेपरने हातानेच, पाणी मारत मारत घासलं, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला एन-९५ मास्क. निघालेला चिखल ताडपत्रीसकट गुंडाळून पिशवीत बांधला. कामाचे कपडे वेगळे धुतले. मिस्त्रीकाका हसत होते. "तीस वर्षांपासून करून राहिलो, काही झालं नाही." मी म्हटलं, "काका, आजच्या दिवस माझ्यासाठी मास्क लावा." लावला त्यांनी.

आणि हे सगळं करणं शक्य नसेल, भाड्याचं घर आहे, गच्ची नाही, मूल लहान आहे, तर जुना रंग खरवडूच नका. तो घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि त्यावरून नवीन रंग किंवा फिल्म लावा. अशा वेळी झाकणं हाच शहाणपणा आहे. म्हणजे फिल्म वाईट नाही, मंडळी. ती आपण कशावर लावतोय आणि का, हे माहीत पाहिजे.

रंग द्यायचा असेल तर

आमच्याकडे दुसरं एक शेल्फ होतं, साध्या लाकडाचं, दादाच्या खोलीतलं. ते आम्ही रंगवलं. क्रम सांगते.

आधी तेलकटपणा काढा. साबणाचं पाणी, मग कोरडं पुसणं. त्यानंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी २२० ने. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं नाही. भोकं आणि चिरा लांबीने भरा. लांबी म्हणजे पुट्टी, पेंटच्या दुकानात लांबी म्हटलं की देतात. वाळली की परत घासा. मग लाकडाचा प्रायमर, एक हात. तो वाळला की हलकं घासून रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊ नका, ओघळ येतात.

ऑइल पेंट मजबूत असतो, पण वास अनेक दिवस राहतो आणि पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळा पडतो. पाण्यावर आधारलेलं इनॅमल मिळतं आता, वास कमी, पिवळेपणा कमी. बंद खोलीत झोपणार असाल तर तेच घ्या.

आणि इथे सगळेच चुकतात. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो वाळला असं नाही. वरून कोरडा, आतून अजून मऊ असतो. दुसऱ्या दिवशी पुस्तकं ठेवलीत तर पुस्तकाचं कव्हर रंगाला चिकटतं आणि काढताना दोन्ही सोलतात. आठ-दहा दिवस कपाट रिकामं ठेवा. धीर धरा.

दिवस पण बघा. नागपूरकडे ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ छान. पावसाळ्यात रंग वाळत नाही. मे महिन्यात ब्रश फिरवण्याआधीच वाळतो, मग ब्रशचे पट्टे दिसतात.

फिल्म लावायची असेल तर

माझ्या वर्क डेस्कजवळचं छोटं शेल्फ पार्टिकल बोर्डचं आहे. त्याला मी फिल्मच लावली, आणि ती अजून टिकलीय. काय वेगळं केलं?

पहिलं, फळ्यांवर नाही लावली. पुस्तकं आत-बाहेर सरकतात, कडा उचलतात. फक्त मागच्या बोर्डावर लावली. तिथे घासलं जात नाही आणि दिसतं पण तेच. फळ्यांना रंग, मागे डिझाइन. हे कॉम्बिनेशन दिसायलाही भारी असतं आणि फिल्म निम्मी लागते.

दुसरं, माप. दोन्हीकडे इंच-दीड इंच जास्त ठेवून कापा, नंतर ब्लेडने छाटा. मागचा कागद एकदम सोलू नका. वरून चार बोटं सोला, चिकटवा, मग एका हाताने कागद खाली ओढत जा आणि दुसऱ्या हाताने जुन्या कार्डाला मऊ फडकं गुंडाळून मधून बाहेर दाबत जा. ताणायचं नाही. ताणली की नंतर आखडते.

तिसरं, लावून झाल्यावर कडांवर हेअर ड्रायर फिरवा आणि दाबा. गोंद नीट बसतो.

चौथं, ताज्या ऑइल पेंटवर फिल्म लावू नका. रंगातून वाफ निघत राहते आणि फुगे येतात. दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

पाचवं, खिडकीचं थेट ऊन आणि कूलरचा झोत, दोन्हीपासून लांब.

आणि काढायची झाली तर? ओढून फाडू नका. ड्रायरने गरम करा, हळूहळू मागे दुमडत काढा. राहिलेला गोंद खोबरेल तेल लावून तासभर ठेवा आणि पुसा. नाहीच निघाला तर टर्पेंटाइन, खिडक्या उघड्या ठेवून. सागवानावरून माझी संगमरवरी फिल्म काढायला दोन दिवस लागले. लावायला पण दोनच लागले होते. हिशेब बरोबर.

फळी वाकलीय?

बीटेकची आठवण आली म्हणून हे एक. चार फुटांची फळी जाड खंडांच्या वजनाने मध्ये वाकते. तिला रंग दिला तरी वाकलेलीच दिसणार. फूटभर जागेत तेवढीच पुस्तकं ठेवली, तर फळीची लांबी दुप्पट झाल्यावर वाकणं साधारण सोळापट होतं. म्हणजे उलट बघा, मध्ये एक उभा आधार दिला, दोन-दोन फूट झाले, की वाकणं सोळाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून कमी. एक पट्टी, चार स्क्रू. वाकलेली फळी उलटी करून लावा, म्हणजे फुगवटा वर येतो आणि वजनाने हळूहळू सरळ होते. जाडी वाढवली तरी फायदा आहे, दुप्पट जाडीला वाकणं आठव्या हिश्श्यावर. पण मधला आधार स्वस्त पडतो.

आता कपाट कसं आहे

सागवानी कपाटाला रंग नाही दिला. मिस्त्रीकाकांनी बेलतेलाचे दोन हात दिले. बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीसोबत खातो, तेच. पण दुकानातल्या बेलतेलात वाळण्यासाठी केमिकल असतं, ते खायचं नाही, सांगून ठेवते. आणि एक धोका, ज्या फडक्याने हे तेल लावता ते गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल हवेशी संयोग होऊन गरम होतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मागे नवीन प्लाय लावला, ओल सहन करणाऱ्या ग्रेडचा. पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवले आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. त्या फटीत बाबा दर महिन्याला टॉर्च मारून बघतात. मीही बघते. मध्ये एक आधार आहे. व्हिडिओ कॉलमध्ये आता तेच कपाट दिसतं आणि लोक विचारतात, कुठून घेतलं. मी म्हणते, लकडगंज, १९८२.

मागच्या ऑक्टोबरमध्ये, कपाट अजून गच्चीवर होतं तेव्हा, मी बाबांसोबत दीक्षाभूमीवर गेले. बऱ्याच वर्षांनी. गेलेल्या सतरापैकी नऊ पुस्तकं मिळाली. आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट सांगतात, की बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. मी ती शंभरदा ऐकली होती आणि तरी आमच्या कपाटाकडे मी फक्त बॅकग्राउंड म्हणून बघत होते.

घरी आल्यावर बाबांनी पेन काढलं आणि एकेका पुस्तकावर साल लिहिलं. ज्या पुस्तकाचं ते पान गेलं होतं, त्याची नवीन प्रत माझ्याकडे दिली. म्हणाले, "याच्यावर तू लिही." मी लिहिलं. काय लिहिलं ते नाही सांगणार, घरी आलात तर काढून बघा. तिसरी फळी, डावीकडून.

तर मंडळी, तुमचं काम सोपं आहे. आज हा एपिसोड संपला की रंगाचा डबा किंवा फिल्मचा रोल मागवू नका. आधी घरातलं कपाट चार बोटं पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारा. काही सापडलं तर फोटो पाठवा, काही नाही सापडलं तरी पाठवा. आणि ओढायच्या आधी एखादं जुनं पुस्तक काढून पहिलं पान बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, उन्हात फिरू नका, पाणी पीत राहा. आणि कूलरची टाकी गळत नाही ना, ते बघा.